परत म्हणजे पुन्हा

स्टोअरवाल्या काकांनी भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि संगणकावर आलेली सर्जरी वॉर्डची मागणी आली तशी वॉर्डला पाठवून दिली. मग एक काम हातावेगळं केल्याच्या समाधानाने ते खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या पाठीमागे स्टुलावर बसलेल्या कात्रीबाईंनी हे सगळं पाहिलं. त्या आपल्या दोन्ही हातांवर बसल्या होत्या.

हातांवर म्हणजे अगदी खरोखरच, तळवे मांड्यांखाली दाबून. आपण लिहिलेली सूचना वाचून कोणी काम करायला बसलं की मागे बसून नुसतं बघायचं, हा त्यांच्या कामाचा नियम होता. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, बोट तर मुळीच दाखवायचं नाही. सूचना लिहिणारा काही प्रत्येकाच्या मागे स्टूल टाकून बसत नाही. माणसाला काय कळायचं ते कागदावरूनच कळायला हवं. कात्रीबाईंचं बोट मात्र जात्याच उतावळं होतं, म्हणून त्याला असं दडपून ठेवावं लागे.

त्यांची कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ते कसं वापरायचं याच्या पुस्तिका, भिंतीवर लावायचे तक्ते आणि पडद्यावर उमटणाऱ्या दोन-दोन ओळींच्या सूचना या बाई लिहायच्या. लांब वाक्य दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा, म्हणून ऑफिसने त्यांचं नाव कात्रीबाई ठेवलं होतं. 'फक्त हे बटण दाबा' असं कोणी लिहिलं, की त्या आधी 'फक्त' उडवत. ज्याला ते जमत नाही त्याला तो शब्द टोचतो, असं त्यांचं म्हणणं. 'अगदी सोपे आहे' हे तर त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. आणि नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी ऐकवत, की चूक वाचणाऱ्याची नसते, लिहिणाऱ्याची असते. ऐकणारे माना डोलवत आणि पाठ वळली की त्यांच्या आवाजाची नक्कल करत. हे त्यांना माहीत होतं. नक्कल करताना का होईना, वाक्य तोंडपाठ होतं ना, असं त्या म्हणत.

या इस्पितळातून तक्रार आली होती, की वॉर्डाने मागितलेलं सामान स्टोअरमधून येतच नाही, मागण्या नुसत्या इकडून तिकडे फिरत राहतात. सॉफ्टवेअर तपासून झालं, त्यात काही सापडलं नाही, तेव्हा कात्रीबाईंना पाठवलं होतं. आणि इथे त्यांच्या डोळ्यांदेखत मागणी माघारी गेली होती.

तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टर स्वतःच दारात आल्या. हातात रबरी हातमोज्यांची जोडी होती, इतकी मोठी की एकेका मोज्यात त्यांचे दोन्ही हात मावले असते.

"काका, हे घालून टाके काढतात का?" त्या म्हणाल्या. "लहान मापाचे मागून मागून थकले मी. आमची मागणी सारखी परत का पाठवता हो?"

"मग काय करू? तक्त्यावर लिहिलंय. साठा कमी असेल तर मागणी परत पाठवा. साठा कमी आहे. पाठवली परत."

"अहो, ते आमच्यासाठी लिहिलंय. माल कमी मिळाला तर आम्ही परत पाठवायची. परत म्हणजे पुन्हा."

"परत म्हणजे परत," काका शांतपणे म्हणाले. "पाहुणे परत गेले, म्हणजे काय पुन्हा गेले का?"

"आणि परत आले म्हणजे?"

काकांनी यावर खरंच विचार केला. "परत आले म्हणजे कटकट," ते म्हणाले.

सिस्टर हसल्या, काका हसले, कात्रीबाईही हसल्या. मग त्यांनी मांड्यांखालून हात काढले, पर्समधून पेन काढलं आणि तक्त्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साठा कमी असेल तर मागणी परत पाठवा. किती आटोपशीर ओळ. ती लिहिली तेव्हा त्या स्वतःवर खूश झाल्या होत्या. एकच तक्ता वॉर्डात आणि स्टोअरमध्ये दोन्हीकडे लागणार, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. वॉर्ड पुन्हा पाठवत होता, स्टोअर माघारी पाठवत होतं, आणि दोघंही तक्त्यात लिहिल्याप्रमाणे अगदी बरोबर वागत होते.

"काका, चुकलं ते तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "हे मी लिहिलंय. माझं चुकलं."

काका एकदम अवघडले. तक्ता लिहिणारी बाई आपल्या पाठीमागे बसली होती हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते उगाचच म्हणाले की अक्षर छान आहे, आणि अक्षर तर छापील होतं. कात्रीबाईंनी 'परत पाठवा' खोडून वर 'वॉर्डाने पुन्हा पाठवावी' लिहिलं, त्याखाली स्टोअरसाठी एक ओळ वाढवली, आणि सिस्टरांना हातमोजे मिळाल्याशिवाय तिथून हलल्या नाहीत.

ऑफिसात आल्यावर त्यांनी सगळी हकिगत साहेबांना सांगितली. साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे, स्वभावाने चांगले, पण घाईचे. त्यांना ऐकतानाच हसू आलं. इस्पितळाच्या माणसांना एकदा नीट शिकवून येऊ या, ते म्हणाले. साध्या मराठीत लिहिलेलं लोकांना कळू नये म्हणजे कमाल आहे. कात्रीबाईंनी नेहमीचं वाक्य उचललं. चूक वाचणाऱ्याची नसते, त्या म्हणाल्या, लिहि— आणि तिथेच थांबल्या.

साहेबांनी वाट पाहिली. बाकीचं वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे त्यांनी ते मनातल्या मनात पुरं केलं असावं. कात्रीबाई मात्र खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. त्यांना दुसरीच एक ओळ आठवली होती. तीही त्यांना पाठ होती. परत फोन करू नकोस.

ही ओळ त्यांच्या दादाने पाठवली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. ज्या फोनवर ती आली तो फोन केव्हाच मोडीत गेला. ओळ तेवढी राहिली.

दादाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर त्या दुकानात स्टुलावर बसायच्या आणि रेडिओबरोबर आलेली माहितीपत्रकं दादाला मोठ्याने वाचून दाखवायच्या. दादाचे हात गुंतलेले असत, आणि वाचायचा त्याला मुळातच कंटाळा. वाक्यं अशी लांबलचक आणि बोजड, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. दादा वैतागून म्हणायचा, हे लिहिणाऱ्याला इथे माझ्यासमोर बसवा आणि म्हणावं, आता तूच उघड हा रेडिओ. मग तिच्याकडे बघून म्हणायचा, "शहाणे, तू सांग बरं तुझ्या शब्दांत." आणि ती सांगायची. त्याच्या तोंडी तिचं नाव शहाणी हेच होतं. पुढे या कामाला लागल्यावर त्यांनी स्टूल टाकून मागे बसायची पद्धत सुरू केली, ती काही कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती.

आई शेवटी दादाकडे होती. ती आजारी पडली तेव्हा कात्रीबाईंच्या हातात एक मोठी पुस्तिका होती, छपाईला जायची घाई होती. तेवढी हातावेगळी करून येते, असं त्या फोनवर म्हणाल्या. त्या पोचल्या तेव्हा आई गेली होती. दादा दारातच उभा होता. "आलीस?" तो म्हणाला. "झालं का पुस्तक लिहून?" त्यालाही त्या वेळी सुचत नव्हतं, पण शब्द वर्मी बसला. मग त्याही बोलल्या, आई एवढी अत्यवस्थ आहे हे स्पष्ट सांगायला काय झालं होतं, वगैरे. बोलू नये ते सगळं बोलून झालं, आणि त्या जेवायलाही न थांबता निघून आल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी भर दुपारी दादाचा फोन येऊन गेला. त्या कुणाच्या तरी पाठीमागे हातांवर बसल्या होत्या, फोन पर्समध्ये मुका करून ठेवलेला. बाहेर येऊन बघतात तो दादाचा चुकलेला फोन, आणि त्याच्याखाली ती ओळ. परत फोन करू नकोस. त्यांनी ती वाचली, फोन पर्समध्ये टाकला आणि ठरवून टाकलं. नाही तर नाही. एवढा राग असेल तर राहू दे त्याला त्याच्या रागात. अबोला धरला तो धरलाच. मध्ये कधीतरी एका मावसबहिणीने सांगितलं, की दादा हल्ली विसरायला लागलाय, दुकानही बंद केलं. त्या दिवशी रात्री त्या जेवल्या नव्हत्या. पण फोन केला नव्हता. नको म्हणालाय ना तो.

आणि आता कानात स्टोअरवाले काका म्हणत होते, परत म्हणजे परत.

ज्याचा फोन आपल्याला घेता आला नाही, त्याला आपण परत फोन करतो. परत म्हणजे उलट. दादा स्वतः फोन करून चुकला होता, आणि मग लिहीत होता, की तू उलट फोन करू नकोस. करायची गरज नाही. एवढंच असेल का ते? शब्दावर शब्द घासून पोट भरणाऱ्या बाईला इतकी वर्षं हे सुचू नये? एका तक्त्याच्या ओळीला दोन माणसांनी दोन अर्थ लावले तर मागे स्टूल टाकून बसल्या होत्या. सख्ख्या भावाची ओळ मात्र एकदाच वाचली, आणि मनात जे आधीच भरून ठेवलं होतं तेच तिच्यात वाचलं.

त्यांनी फोन लगेच केला नाही. भीती वाटत होती. आपण लावतोय तो अर्थ खोटा ठरला तर वाईट, आणि खरा ठरला तर त्याहून वाईट. रविवारी सकाळी त्यांनी वहिनीचा नंबर फिरवला. वहिनीने आवाज ओळखला आणि एवढंच म्हणाली, "ये. पण मनाची तयारी करून ये."

दादा खिडकीपाशी टेबलावर बसला होता. समोर एक जुना रेडिओ उघडून पसरलेला. स्क्रू मापाप्रमाणे ओळीने मांडलेले, तारा रंगाप्रमाणे वेगळ्या केलेल्या. सगळं इतकं नेटकं, की क्षणभर कात्रीबाईंना वाटलं वहिनी उगाच घाबरवत होती. दादाने मान वर केली. तो खूप वाळला होता. बहिणीकडे बघून तो ओळखीचं हसला, जसं दुकानात आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघून हसायचा.

"बसा," तो म्हणाला. "वेळ लागेल थोडा."

कात्रीबाई बसल्या. दादा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच 'बसा' म्हणाला होता. झालं का पुस्तक लिहून, हे या एका शब्दापेक्षा बरं होतं.

स्वयंपाकघरात वहिनीने सांगितलं, की रोज रेडिओ उघडतो, सगळं सुटं करतो, आणि जोडायला घेतलं की हात थांबतात. मग तीच संध्याकाळी सगळं डब्यात भरून ठेवते. कात्रीबाईंनी ऐकून घेतलं आणि मग विचारायचं ते विचारलं. वहिनीला तो दिवस आठवत होता. आईचं शिलाई मशीन काढून बसले होते, ती म्हणाली. दोरा कसा ओवायचा ते तुला विचारायचं म्हणून फोन लावला.

"मशीनवर तर तू शिवतेस की," कात्रीबाई म्हणाल्या. "तुला येतो ओवता."

"मला येतो गं. त्यांनाही माहीत होतं मला येतो." वहिनी ओट्याकडे वळून बोलत होती. "तू उचलला नाहीस. मग म्हणाले, कामात असेल, चुकलेला फोन बघून घाबरी होईल, धावतपळत उलटा फोन करेल. म्हणून लिहिलं. मी म्हटलं, अहो, नीट लिहा, दोन शब्द जास्त लिहा. तर म्हणाले, शहाणी आहे ती, तिला कळतं."

वहिनीने चहाचं आधण गॅसवर ठेवलं.

"आणि वाट बघत बसले," वहिनी म्हणाली. "नको म्हटलं तरी ती करतेच, म्हणाले. तू नेहमी करायचीस ना तशी. मग काही दिवसांनी बोलायचे बंद झाले त्यावर. मीही मूर्ख. मीच करायला हवा होता फोन. मला वाटलं, बहीणभावाचं आहे, आपण कशाला मध्ये पडा."

लिहिणाऱ्याची चूक, की वाचणाऱ्याची? कात्रीबाईंना आता त्या हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या पदराला डोळे पुसत एवढंच म्हणत राहिल्या, की मी फोन करायला हवा होता, वहिनी, ओळ काहीही असू दे, मी करायला हवा होता. वहिनीने त्यांना रडू दिलं आणि मग गॅसवरचा चहा उतू गेला तो दोघींनी मिळून पुसला.

दुपारी कात्रीबाई कामाला लागल्या. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. घरात मोठ्या बटणांचा एक फोन होता, त्यातल्या हिरव्या बटणावर त्यांनी आपला नंबर बसवला. मग जाड कागद घेऊन ठळक अक्षरांत लिहिलं: बहिणीशी बोलायचे असल्यास हिरवे बटण दाबा व फोन कानाला लावा. हे वाचून दादा म्हणाला, "कोणाची बहीण?" कात्रीबाईंनी कागद परत घेतला. बोलायचे असल्यास गेलं. व गेलं. कानाला लावा तेही गेलं. फोन कानाला लावायचं त्याच्या हाताला माहीत होतं. एका कागदासाठी त्यांनी इतके कागद कधी फाडले नव्हते. शेवटी राहिलं ते एवढंच. वर 'शहाणी', आणि खाली हिरवा गोल.

तो कागद फोनला टेकवून त्यांनी दादासमोर ठेवला आणि स्टूल ओढून त्याच्या पाठीमागे बसल्या. दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले. दादाने कागद उचलला, उलटा करून पाहिला, ठेवला. रेडिओचा एक स्क्रू उचलून तोही निरखून पाहिला. दारात उभ्या असलेल्या वहिनीचं बोट वर आलं, तेव्हा कात्रीबाईंनी मानेनेच नाही म्हटलं. दादाने कागद पुन्हा हातात घेतला. या वेळी त्याचे ओठ हलले. मग त्याचं बोट बटणांवरून फिरत फिरत गेलं, लाल बटणापाशी घुटमळलं, आणि हिरव्यावर टेकलं.

कात्रीबाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. मांडीखालचा एक हात काढून त्यांनी तो घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हॅलो," त्या म्हणाल्या.

"शहाणे?" दादाचा आवाज फोनमधूनही येत होता आणि पाठीमागूनही. "अगं आहेस कुठे? फोन नाही, काही नाही."

"कामात होते रे दादा."

"असू दे, असू दे. मी म्हटलंच कामात असेल. ते आईचं मशीन काढलंय मी. दोरा कसा ओवायचा गं?"

 कात्रीबाईंनी सांगितलं. रीळ वरच्या खिळीवर ठेव. दोरा डावीकडे घे. त्या दोन चकत्या आहेत ना, त्यांच्या मधून खाली आण. आता जी दांडी वरखाली होते तिच्या भोकातून काढ. आता सुईत. एकेक वाक्य सांगून त्या थांबत होत्या, आणि दादा प्रत्येक वाक्याला हं म्हणत होता, अगदी दुकानात म्हणायचा तसा. समोर मशीन नव्हतं, दोरा नव्हता. तरी त्याची बोटं टेबलावर बारीक बारीक हलत होती.

"झालं," तो म्हणाला. "तू सांगितलंस की कळतं. ठेवतो आता. परत फोन कर हं."

"करते," त्या म्हणाल्या.

दादाने फोन ठेवला. खुर्चीतल्या खुर्चीत वळला तेव्हा त्याला मागे स्टुलावर बसलेल्या बाई दिसल्या. या अजून थांबल्यात म्हणून तो जरा ओशाळला.

"बहिणीचा फोन होता," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "करेल म्हणाली परत."

"करेल," कात्रीबाई म्हणाल्या. मांडीखाली राहिलेला हात बधिर झाला होता. तो चोळत चोळत त्या उठल्या, आणि तो कागद फोनच्या वर, भिंतीला नीट चिकटवून दिला.